१६८ तासांतले ३८: भूमध्य समुद्रातल्या क्रूझचा दिवसागणिक हिशेब

बार्सिलोनाहून निघायचं, पाल्मा, मार्सेय, ला स्पेझिया, चिवितावेक्किया आणि नेपल्स करायचं, एक दिवस नुसता समुद्रात काढायचा आणि पुन्हा बार्सिलोनाला उतरायचं. पश्चिम भूमध्य समुद्रातला हा सात रात्रींचा फेरा उन्हाळाभर मोठमोठ्या बोटी मारत असतात. माहितीपत्रकात मात्र ही नावं अशी दिसत नाहीत. तिथे असतं मायोर्का, प्रोव्हान्स, फ्लॉरेन्स-पिसा, रोम आणि नेपल्स-काप्री. क्रूझ घ्यावी की नाही, या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दोन याद्यांमधल्या फरकात आहे.

बोट बंदरात लागते, शहरात नाही. रोम लिहिलं की बोट रोमपासून ७०-८० किलोमीटरवरच्या चिवितावेक्कियाला थांबते. पॅरिस म्हणजे ल आव्र, बर्लिन म्हणजे वार्नेम्युंड, दोन्हीकडे जाण्यायेण्यात पाच-सहा तास खर्ची. व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यात १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’ छापलेल्या कित्येक सफरी प्रत्यक्षात राव्हेन्ना किंवा त्रिएस्तेहून सुटतात. म्हणून पैसे भरण्याआधी बंदराचं खरं नाव विचारायचं आणि नकाशावर तिथून शहरापर्यंत बोट फिरवून बघायचं.

निघण्याआधी

या मार्गावर स्पेन, फ्रान्स आणि इटली, तिन्ही शेंगेन. व्हिसा एकच, पण मागायचा कोणाकडे? ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडे. क्रूझआधी बार्सिलोनात दोन रात्री धरल्या तर स्पेनचे दिवस इटलीच्या तीन दिवसांपेक्षा जास्त भरतात, म्हणजे अर्ज स्पेनकडे. दिवस सारखेच भरले तर जिथे पहिलं पाऊल पडतं तो देश. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५, केंद्राचा सेवा आकार वेगळा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंटची मारामारी असते, तेव्हा मेची क्रूझ असेल तर जानेवारीतच कामाला लागलेलं बरं. क्रूझच्या कन्फर्मेशनवर सगळ्या प्रवाशांची पासपोर्टप्रमाणे नावं आणि सगळी बंदरं छापलेली हवीत. नुसती पैसे भरल्याची पावती पुरत नाही.

मार्गात तुर्कस्तान किंवा मॉन्टेनेग्रोचं एखादं बंदर आलं की खेळ बदलतो. तिथे बोट शेंगेनबाहेर जाते आणि पुन्हा आत येते, म्हणजे व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच लागतो. सिंगल एंट्री हातात असेल तर बोटीवर चढण्याच्या काउंटरवरच गाडी अडते, आणि असा प्रवासी मागे राहिला तर पैसे परत मिळत नाहीत.

केबिन निवडताना लोक बाल्कनीवर भाळतात. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये ती जरूर घ्यावी, तिथे बसल्या जागी डोंगर सरकत जातात. पण पाच दिवसांत पाच बंदरं असतील तर दिवसा तुम्ही गावात असता आणि रात्री बाहेर मिट्ट काळोख असतो. ते तीनचारशे युरो बाल्कनीपेक्षा गावात खर्च केलेले बरे. खिडकी नसलेली आतली केबिन साधारण १४ ते १६ चौरस मीटर असते. ती बोटीच्या मध्यावर आणि खालच्या बाजूच्या डेकवर मागा, डोलणं तिथे सर्वांत कमी. डेकचा नकाशा पाहताना केबिनच्या वर आणि खाली काय आहे तेही बघा. वर जलतरण तलाव असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज थेट डोक्यावर येतो, खाली थिएटर असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल. अगदी पुढच्या टोकाला खालच्या डेकवर असाल तर धक्क्याला लागताना चालणाऱ्या आडव्या पंख्यांची घरघर पहाटे उठवते. ‘गॅरंटी’ नावाची केबिन स्वस्त मिळते. नंबर कंपनी शेवटी ठरवते. दोघांना चालेल, पण आईवडील एका केबिनमध्ये आणि मुलं दुसऱ्या, असं असेल तर घेऊ नये. दोन केबिन अडीचशे मीटर लांब पडू शकतात.

शाकाहारी, जैन किंवा भारतीय जेवण हवं असेल तर तीस-पंचेचाळीस दिवस आधी लेखी कळवायचं, आणि बोटीवर पहिल्या संध्याकाळी मुख्य डायनिंग हॉलच्या हेड वेटरला प्रत्यक्ष सांगायचं. दुसऱ्या दिवशीचं जेवण आदल्या रात्री ठरवून ठेवलं तर डाळ, भाजी, भात नीट मिळतो. ऐन वेळी मागितलं तर उकडलेल्या भाज्या समोर येतात. खाऊचा डबा भरताना एक ध्यानात ठेवायचं: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. चिवडा, भाजणी, चटण्या चालतात. पेढे, बर्फी, पनीर नाही.

किटली आणि इस्त्री बोटीवर जप्त होते, सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शन कॉर्डसुद्धा. चहाचं गरम पाणी बुफेवर चोवीस तासांपैकी बहुतेक वेळ मिळतं, पण त्याच्या शेजारी ठेवलेल्या इवल्याशा कपांत बऱ्याचदा दूध नसतं, तेलाचं क्रीमर असतं. खरं दूध सकाळी सिरियलच्या टेबलावरच्या जगमध्ये सापडतं. आल्याच्या चहाची सवय असेल त्याने हा पत्ता पहिल्याच दिवशी शोधून ठेवावा.

पहिला दिवस, रविवार: बार्सिलोना

बार्सिलोनाला किमान एक दिवस आधी पोचायचं. विमान चुकलं किंवा उशिरा आलं तर बोट थांबत नाही. बॅग मागे राहिली तर तिचा पाठलाग त्याहून कठीण, कारण तुम्ही दर रात्री नव्या बंदराला निघालेले असता. सग्रादा फामिलिया या चर्चचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं आणि उन्हाळ्यात दारावर मिळेल या भरवशावर जाणं वेडेपणा आहे. रांबला रस्त्यावर आणि मेट्रोत खिसेकापू सराईत आहेत. पाठीवरची सॅक पोटावर घ्यायची.

मोठ्या बोटी मोल अदोसात या लांबलचक धक्क्याला लागतात. कोलंबसच्या पुतळ्यापासून तिथे पोर्टची बस जाते. पुतळ्याजवळचं मेट्रो स्टेशन द्रासानेस, लाइन ३. अंतर नकाशावर फसवं दिसतं, मध्ये उंच पूल आहे, बॅगा ओढत चालायची ही जागा नाही.

टर्मिनलच्या दारात मोठ्या बॅगा हमालाकडे जातात आणि संध्याकाळपर्यंत केबिनबाहेर येतात. दरम्यान पाच-सहा तास त्या तुमच्याकडे नसतात. पासपोर्ट, औषधं, चार्जर, मुलांचे कपडे हातातल्या बॅगेत. पासपोर्ट मोठ्या बॅगेत घालून तीच हमालाला देणारे दर फेरीत दोन-चार निघतातच, आणि मग हजारो बॅगांमध्ये ती शोधेपर्यंत सगळं कुटुंब टर्मिनलमध्ये तिष्ठत बसतं.

काउंटरवर मिळणारं कार्ड म्हणजे केबिनची किल्ली, ओळखपत्र आणि उधारीची वही, तिन्ही एकात. त्याच्यामागे तुमचं क्रेडिट कार्ड जोडलं जातं. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड जोडू नये: बोट रोज थोडी थोडी रक्कम अडवून ठेवते, ती उतरल्यावरही काही दिवस मोकळी होत नाही आणि गावात पैसे काढायला गेलं की शिल्लक अपुरी दिसते.

निघण्याआधी सुरक्षा कवायत. कोस्टा कॉन्कॉर्डिया ही बोट १३ जानेवारी २०१२ ला जिल्यो बेटापाशी खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेली नव्हती. आता ही कवायत बोट सुटण्याआधीच उरकतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. व्हिडिओ बघून आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची, दहा मिनिटांचं काम. वाट मात्र लिफ्टने नाही, जिन्याने बघून ठेवावी, कारण खऱ्या प्रसंगी लिफ्ट वापरायची नसते.

जेवणाची वेळ विचारतील: पहिली पंगत सहाच्या आसपास, दुसरी आठ-साडेआठला. या मार्गावर दुसरीच घ्यावी. ला स्पेझिया आणि रोमच्या दिवशी सात वाजेपर्यंत बोटीवर पोचणंच मुश्कील. वाढणाऱ्याच्या छातीवरच्या पट्टीवर नावाखाली देश लिहिलेला असतो. तिथे भारत दिसला तर माणूस गोव्याचा किंवा मुंबईचा असण्याची शक्यता दांडगी. गोव्याचे तारवटी कित्येक पिढ्या बोटींवर आहेत. कोंकणीत एक वाक्य टाकून बघा, लोणचं आपोआप येतं.

दुसरा दिवस, सोमवार: पाल्मा

बोट सकाळी आठला लागते आणि दुपारी चारला सुटते, म्हणजे साडेतीनच्या आत परत. मोठ्या बोटींचा धक्का कॅथेड्रलपासून चार-पाच किलोमीटरवर आहे. शहराची साधी बस किनाऱ्याच्या रस्त्याने थेट नेते. हातात साडेपाच तास उरतात आणि गावाला तेवढे पुरतात. कॅथेड्रलमध्ये १९०४ ते १९१४ दरम्यान गाउदी या वास्तुकाराने आतली रचना बदलली होती. वेदीवर टांगलेलं ते विचित्र छत्र त्याचंच. रविवारी पर्यटकांना आत सोडत नाहीत, म्हणून रविवारी पाल्मा गाठणारी सफर या एका बाबतीत कमी पडते.

सोयेरची लाकडी डब्यांची आगगाडी १९१२ पासून चालू आहे आणि मोह पडतो. एकेरी एक तास, पुढे ट्राम. आठ तासांच्या थांब्यात गाडी केली तर कॅथेड्रल सोडावं लागतं. दोन्ही करायला गेलेले धावत परत येतात.

पाल्मात २०२२ पासून दिवसाला जास्तीत जास्त तीन क्रूझ बोटी आणि त्यांतली पाच हजारांवर प्रवाशांची एकच, असा नियम आहे. गावकऱ्यांची चीड समजण्यासारखी आहे. एका बोटीतून सकाळी नऊला चार हजार माणसं उतरतात तेव्हा त्या जुन्या गल्ल्यांचं काय होतं, हे त्या चार हजारांतला एक होऊनच बघायचं असतं.

तिसरा दिवस, मंगळवार: मार्सेय

या फेऱ्यातलं सर्वांत कमी हाताला लागणारं बंदर. शहर वाईट नाही, धक्का वाईट आहे: जुन्या बंदरापासून आठ-दहा किलोमीटर, मध्ये नुसती गोदामं आणि कंटेनर. बोटीची शटल माणशी पंधरा-वीस युरो घेते. बंदराच्या फाटकाबाहेरून शहर बस जोलिएत मेट्रोपर्यंत जाते, खर्च त्याच्या पाव हिश्शाहून कमी, पण फाटकापर्यंतचं चालणं उन्हात नकोसं होतं. चार माणसं असतील तर टॅक्सी परवडते.

जुन्या बंदरावरून ६० नंबरची बस नोत्र-दाम द ला गार्दच्या टेकडीवर जाते. वरून खाली बघितलं की शहर समजतं. उतरल्यावर पानिये या जुन्या वस्तीतून चालत म्युसेम संग्रहालयाच्या गच्चीवर यायचं, तिथून पुलाने सेंट जाँ किल्ल्यात. गच्ची आणि किल्ला फुकट. शाकाहाऱ्यांनी पानिस शोधावं. चण्याचं पीठ पाण्यात शिजवून थापायचं, थंड झालं की कापून तळायचं. आपल्या पाटवड्या तळल्या तर जसं होईल तसं, फक्त फोडणी नाही.

मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा सुटला तर बोट मार्सेयला लागतच नाही. करारात कप्तानाला ती मुभा असते. बंदर चुकलं तर परत मिळतो तो फक्त बंदराचा कर. बोटीकडून घेतलेली सहल रद्द झाली तर तिचे पैसे आपोआप येतात, स्वतः बाहेर ठरवलेली असेल तर ते बुडू शकतात. म्हणून बाहेरची बुकिंग करताना शेवटच्या दिवसापर्यंत रद्द करता येणारीच घ्यायची.

चौथा दिवस, बुधवार: ला स्पेझिया

माहितीपत्रक म्हणतं फ्लॉरेन्स. नकाशा म्हणतो दीडशे किलोमीटर. बोट साडेआठ ते रात्री आठ उभी असते. धक्क्यावरून फाटकापर्यंत बंदराची बस, तिथून स्टेशन पंचवीस-तीस मिनिटं चालत, मग पिसाला गाडी बदलून फ्लॉरेन्स: एकूण अडीच तास एका बाजूचे. नऊला निघून साडेअकराला पोचलात, परतीला सव्वाचारची गाडी गाठायची, तर फ्लॉरेन्सला जेमतेम पावणेपाच तास. त्यात उफीझी संग्रहालयाची रांग, त्यात जेवण. दुओमो, म्हणजे तिथलं कॅथेड्रल, बाहेरून बघायचं आणि परत, असं होतं. बोटीची बस घेतली तरी वेळ फारसा वाचत नाही. फक्त बस उशिरा आली तर बोट थांबते, ही खात्री विकत मिळते.

आमचं मत स्पष्ट आहे: फ्लॉरेन्स वेगळ्या सहलीसाठी ठेवा आणि त्या दिवशी चिंक्वे तेर्रे, म्हणजे किनाऱ्यावरची पाच गावं, करा. ला स्पेझिया स्टेशनवरून रिओमाज्जोरे फक्त आठ मिनिटांवर आहे. पुढे मानारोला, कोर्निलिया, व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो. गाडी पाचही गावांना थांबते आणि दिवसभराचं रेल्वे कार्ड मिळतं; गर्दीच्या दिवशी त्याची किंमत वाढते, तेव्हा दोनच गावं करायची असतील तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात का ते बघा. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा. तिकीट खरं असलं तरी शिक्का नसेल तर दंड होतो, आणि तिकीट तपासनीसाला पर्यटकांचा कळवळा येत नाही.

क्रम उलटा ठेवावा. सगळी बोट आधी रिओमाज्जोरेला उतरते. तुम्ही थेट मोंतेरोस्सोला जा आणि एकेक गाव करत मागे या. कोर्निलियाला स्टेशनपासून गावात पोचायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी ते गाव गाडीतूनच बघावं. व्हेर्नात्साच्या धक्क्यावर बसून दुपार काढणं हा या आठवड्यातला सर्वांत स्वस्त आनंद. खायला फरिनाता: चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, मोठ्या परातीत भट्टीत भाजलेलं. धिरड्याचं इटालियन भावंडच म्हणा. पेस्तोत मात्र चीज असतं आणि ते चीज बहुधा वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं; कडक शाकाहारी असाल तर ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हणायचं.

पाचवा दिवस, गुरुवार: चिवितावेक्किया, म्हणजे रोम

सकाळी सातला बोट लागते, रात्री आठला सुटते. तेरा तास म्हणजे भरपूर वाटतात. बंदराची बस लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत, तिथून दुसरी बस किंवा वीस मिनिटं पायी स्टेशन, मग प्रादेशिक गाडी. सान पिएत्रो स्टेशनला पाऊण-एक तासात, तेर्मिनीला तास ते सव्वा तास. धक्का ते रोम पावणेदोन तास धरा, येतानाही तेवढेच. परतीला एक तासाची उशी ठेवा, कारण गाडी रद्द होणं किंवा संप ही तिथे रोजच्या जगण्यातली गोष्ट आहे. रोमला उरतात सात तास.

सात तासांत एकच निवड करता येते. व्हॅटिकन किंवा कोलोसियम. सान पिएत्रोला उतरून आधी सेंट पीटर्स: प्रवेश फुकट, पण सुरक्षेच्या रांगेत नऊनंतर तासभर जातो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. अर्ध्या चड्डीतल्या पुरुषांनाही दारातून परत पाठवतात. व्हॅटिकनची संग्रहालयं घेतली तर त्यांनाच तीन तास लागतात आणि पुढे फक्त तिबर नदी ओलांडून पियात्झा नव्होना, पँथिऑन, त्रेव्ही असं चालणं होतं. कोलोसियम घेतलं तर तिकिटावर नाव छापलेलं असतं, ओळखपत्र लागतं. इथे एक अडचण येते: काही बोटी भूमध्य समुद्रात प्रवाशांचे पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात. नावाचं तिकीट असेल तर आदल्या दिवशी रिसेप्शनला विचारून घ्या आणि पासपोर्टची छापील प्रत जवळ ठेवा.

बाटलीबंद पाणी विकत घ्यायची गरज नाही. रस्त्यारस्त्यावर ‘नाझोने’ नावाचे लोखंडी नळ चोवीस तास वाहत असतात, पाणी थंड आणि पिण्याचं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, त्याला तोंड लावायचं नाही, नुसतं प्यायचं.

गाडी खरंच चुकली आणि बोट गेली तर? दररोज केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो. त्याचा सकाळीच फोटो काढून ठेवायचा. पासपोर्ट बोटीकडे असेल आणि तुम्ही परतला नाहीत, तर निघण्याआधी तो एजंटकडे उतरवून ठेवायची पद्धत आहे. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मात्र तुमचा. चिवितावेक्कियाला चुकलात तर त्यातल्या त्यात बरं, नेपल्स गाडीने काही तासांवर आहे. नेपल्सला चुकलात तर पुढचं बंदर थेट बार्सिलोना.

सहावा दिवस, शुक्रवार: नेपल्स

बोट सातला गावाच्या मधोमध लागते. गँगवे उतरलं की समोर मास्क्यो आंजोइनो हा किल्ला. बस नाही, शटल नाही, खर्च शून्य. बंदर कसं असावं याचा हा नमुना, आणि मार्ग निवडताना अशी किती बंदरं आहेत ते मोजावं: माल्टाचं व्हॅलेटा तसं, क्रोएशियाचं स्प्लिट तसं.

पहिल्या गाडीने पाँपेई. बंदरासमोरच्या म्युनिचिपियो स्टेशनवरून मेट्रोने गारिबाल्दी, तिथे खाली उतरून सोर्रेंतोकडे जाणारी चिर्कुमव्हेसुव्हियाना. ‘पाँपेई स्काव्ही’ स्टेशनला पस्तीस-चाळीस मिनिटं. गाडी जुनी, गर्दीची, जागा मिळाली तर नशीब. मुंबईची लोकल ज्याने केली त्याला काही नवं नाही, फक्त खिसा सांभाळायचा. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकीट नावावर असतं, तेव्हा घरूनच काढलेलं बरं. ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. सावली जवळजवळ नाही. टोपी आणि जाड तळव्याचे बूट हवेत. चपलेत पाय मुरगळतो, कारण रस्ते व्हेसुव्हियसच्याच लाव्हाच्या ओबडधोबड फरशीचे. त्या फरशीत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोबणी आहेत, आणि रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड ठेवलेत, चाकं त्यांच्या फटींतून जातील असे. इसवी सन ७९ मध्ये हे गाव राखेखाली गेलं तेव्हा त्या खोबणी आधीच खोल झालेल्या होत्या.

तीन तासांत दोनच्या सुमारास नेपल्सला परत आणि मेट्रोने म्युझेओ स्टेशन. पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं, शुक्रवारी उघडं. पाँपेईची भित्तिचित्रं, मोझेक, भांडीकुंडी सगळं इथे आहे. पण मराठी माणसाने ‘गाबिनेत्तो सेग्रेतो’ हे दालन चुकवू नये, ते आज उघडं आहे ना हे दारातच विचारून. तिथे हस्तिदंताची एक बाई उभी आहे, पाव मीटरच्या आसपास उंच. पाय एकमेकांवर टेकलेले, हातभर बांगड्या, कमरेला मेखला, पायांत जड तोडे, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी प्रसाधनाचं सामान घेऊन. १९३८ मध्ये पाँपेईच्या मुख्य रस्त्यावरच्या एका घरात सापडली. ‘पाँपेईची लक्ष्मी’ हे नाव रूढ झालं. अभ्यासकांना ती यक्षी वाटते. डोक्यातून खाली भोक आहे, म्हणजे आरशाची मूठ किंवा छोट्या मेजाचा पाय असावा. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. तेरची तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. ही सातवाहनांच्या मुलखातून भडोचच्या वाटेने रोमन बोटीत चढली असावी, असा तर्क त्यावरूनच केला जातो.

उरलेल्या तासात पिझ्झा. मारिनारावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीज नाही. काप्रीचा मोह या दिवशी टाळावा: जलद बोट पन्नास मिनिटांत नेते, पण वारा वाढला की फेऱ्या बंद होतात आणि तुमची मोठी बोट सहा-साडेसहाला दार लावते.

सातवा दिवस, शनिवार: समुद्रात

नेपल्स ते बार्सिलोना सुमारे साडेपाचशे सागरी मैल. बोट लागणाऱ्यांची परीक्षा झालीच तर इथे होते. उन्हाळ्यात समुद्र बहुधा शांत असतो आणि बोटीच्या पोटाला पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, तरी सार्डिनिया ओलांडल्यावर मिस्त्राल गाठू शकतो. डॉक्टरला विचारून घेतलेली गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते, नंतर ती पोटात टिकत नाही. ॲव्होमिनने झोप येते, त्यावर दारू नको. केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा मधल्या डेकवर क्षितिजाकडे बघत बसलेलं बरं. आल्याची वडी कामी येते. पोट बिघडण्याची साथ पसरली तर मात्र हातावर जेल चोळून भागत नाही, नोरोव्हायरसला साबण-पाणीच लागतं.

वेळच वेळ असतो, तेव्हा हिशेब मांडू. दोघांसाठी आतली केबिन, बंदराचे कर धरून ढोबळ १,७०० युरो. टिप माणशी दिवसाला १५ ते २० डॉलर आपोआप लागते, सात रात्रींचे दोघांचे २३० युरो धरा. गावातला प्रवास आणि तिकिटं ४०० युरो. झाले २,३३०. हाच आठवडा जमिनीवर, बार्सिलोना दोन रात्री, रोम तीन, नेपल्स दोन: हॉटेल १४० दराने ९८०, खाणं ४९०, बार्सिलोना-रोम विमान १५०, रोम-नेपल्स गाडी ६०, तिकिटं आणि शहर प्रवास २५०, शहर कर ७०. बेरीज २,००० युरो. फरक इतका थोडा आहे की पैशांवर निकाल लागत नाही. दोन मुलं त्याच केबिनमध्ये असतील तर तिसऱ्या-चौथ्याचं भाडं बरंच कमी असतं आणि पारडं क्रूझकडे झुकतं. दारूचं पॅकेज, वायफाय आणि बोटीच्या सहली घेतल्या तर उलटीकडे.

निकाल लागतो तासांवर. पाल्मा साडेपाच, मार्सेय साडेसहा, चिंक्वे तेर्रे नऊ, रोम सात, नेपल्स साडेदहा. १६८ तासांत साडेअडतीस तास गाव पायाखाली. ज्याला रोम बघायचंय त्याच्यासाठी हा वाईट सौदा आहे. ज्यांच्याबरोबर सत्तरीतले आईवडील आहेत, रोज बॅग भरणं, जिने चढणं, शाकाहारी जेवण शोधणं नको आहे, त्यांच्यासाठी उरलेले १३० तास हीच खरी खरेदी. रोमच्या दिवशी म्हातारी मंडळी बोटीवरच राहिली तरी त्यांचं काही बिघडत नाही. सगळे उतरलेले असतात, तलाव रिकामा असतो, चहाला रांग नसते.

संध्याकाळी बिल तपासायचं. रात्री अकराच्या आत मोठ्या बॅगा रंगीत पट्टी लावून केबिनबाहेर ठेवायच्या, पण उद्या घालायचे कपडे बाहेर काढून. नाइट ड्रेसमध्ये उतरणारा माणूस हा क्रूझवरचा जुना विनोद आहे आणि तो दर रविवारी खरा होतो.

आठवा दिवस, रविवार: बार्सिलोना

बोट पहाटे पाचला लागते, पण रंगाप्रमाणे गट सोडतात आणि शेवटचा गट नऊनंतर उतरतो. स्वतःच्या बॅगा स्वतः उचलणार असाल तर सातलाही बाहेर पडता येतं. त्या दोन तासांत पाच-सहा हजार माणसं टॅक्सीच्या एकाच रांगेत येतात, विमानतळावर पासपोर्ट तपासणीची वेगळी रांग असते, आणि ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे व चेहऱ्याची नोंद सुरू झाल्याने ती आणखी हळू सरकते. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.